शांतम्मा कुठं दिली

हेळवी म्हणाला, हणमंतला बहीण नाही.

तो मोटारसायकलवर बसूनच बोलत होता. हेळवी म्हणजे घराण्याची नावं तोंडपाठ सांगणारा माणूस. आमच्या लिंगायत घरांतून तो फिरतो. उंबऱ्यासमोर थांबून बापाचा बाप, त्याचा बाप असं मागं मागं जातो, मग तिथून पुढं येतो, आणि ज्वारी, धोतर घेऊन दुसऱ्या गावाला निघतो. त्याच्या आज्याच्या काळी बैलावरून न उतरता नावं घ्यायची रीत होती. बैल गेला, रीत राहिली. चन्नबसप्पा हेळवी मोटारसायकल स्टँडवर लावतो, हँडलला बांधलेली बैलाची घंटा एकदा वाजवतो आणि सीटवर बसूनच सुरू करतो.

भोकरला अण्णाच्या घरी त्याला मुद्दाम बोलावलं होतं. अण्णा म्हणजे हणमंतराव, माझा भाऊ. त्याच्या नातवाच्या, शिवांशच्या जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ पाहिजे होती आणि पणजोबाच्या पलीकडचं घरात कुणालाच येत नव्हतं. अण्णानं मलाही नांदेडहून बोलावून घेतलं. तू आल्याशिवाय सुरू करू देत नाही, असं फोनवर म्हणाला. मी पहिल्या बसनं गेले आणि ओट्यावर त्याच्या शेजारी बसले.

हेळव्यानं सात पिढ्या सांगितल्या. कोण कोणत्या गावाहून उठून आला, कुणाला किती लेकरं, कोणती लेक कुठं दिली. शेवटी आप्पाचं नाव आलं. आप्पा म्हणजे आमचे वडील, नागनाथ.

"नागनाथची बायको शांतम्मा. पोटी एक. ल्योक हणमंत. पाठीवर भाऊ न्हाई, बहीण न्हाई."

अण्णानं माझ्याकडं बोट केलं. "मग ही कोण बसलीय? भाड्यानं आणली का?"

हेळव्यानं मला खालीवर बघितलं आणि म्हणाला, "अक्का आईसंगं आल्या. त्या ह्या घरात बोलल्या जात न्हाईत."

ते खरं होतं. माझी आई तुळजाबाई लहान वयात विधवा झाली. आमच्यात विधवेचं दुसरं लग्न होतं, त्याला उडकी म्हणतात. उडकी झालेल्या बाईनं पहिल्या घरचा मुलगा तिथंच ठेवायचा, तो त्या भावकीचा. मुलगी मात्र बरोबर न्यायची. मी कडेवर होते, म्हणून आले. मला एक मोठा भाऊ होता आणि तो मागं राहिला, एवढं मला माहीत होतं. कुठल्या गावात, ते माहीत नव्हतं. पहिल्या घराचं नाव काढणं म्हणजे दुसऱ्या घराचा अपमान, असं आई मानायची. ती मेली तोवर एकदाही बोलली नाही.

आप्पांची पहिली बायको वारली होती आणि तिचा एक मुलगा होता, तो अण्णा. तेव्हा तो आठेक वर्षांचा असेल. माझं आधीचं नाव शांतम्मा. पण अण्णाच्या आईचं नावही तेच निघालं. आई जाऊन वर्षही न झालेल्या पोरासमोर ते नाव घेऊन दुसऱ्याच पोरीला हाका मारायच्या, हे आप्पांना बरं वाटलं नाही. म्हणून त्यांनी मला सिंधु केलं. त्यानंतर मी सिंधुच. शाळेत मला कुणी घातलं नाही, म्हणून तिथं नाव लागायचा प्रश्न आला नाही. पण मतदानाच्या कार्डावर, पुढं उतारवयात साक्षरतेच्या वर्गात मी पाटीवर पहिल्यांदा लिहिलं तेव्हाही, सिंधु हेच होतं.

आईनं पहिल्या घरून एकच गोष्ट आणली, ती म्हणजे येळवस. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर, उदगीरकडचे लोक घरदार घेऊन शेतात जातात. पाच दगडांचे पांडव मांडतात, भज्जी करतात, ज्वारीच्या पिठाची ताकातली अंबील करतात, रानात जेवतात. भोकरला हा सण कुणी करत नाही. आई एकटी करायची. सगळ्या भाज्या, डाळी एकत्र शिजवून भज्जी करायची आणि आम्हा दोघांना शेतात न्यायची. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, तुळजाबाईचा कानडी सण आला.

तर हेळव्याचं बोलणं ऐकून अण्णा ओट्यावरून उठला. त्याचं म्हणणं एकच होतं, की हिला माझ्या पाठीवर बोल. लागेल तेवढी ज्वारी घे. हेळवी म्हणाला, ज्वारीचा विषय नाही, लेक जन्मल्या घरात बोलली जाते. अण्णा म्हणाला, जन्मल्या घराला विचार हिचा गोवर कुणी काढला. हेळवी म्हणाला, गोवर आमच्याकडं बोलत नाहीत.

मग अण्णानं जे सांगितलं ते मला नवीन होतं. आम्ही लहान असताना ह्याच चन्नबसप्पाचा बाप भोकरला आला होता. त्यानंही मला वगळलं. आप्पा म्हणाले, पोरीला बोलायचं नसेल तर माझं घरही बोलू नको. त्याला ज्वारी न देता परत पाठवलं. म्हणून इतकी वर्षं आमच्या घरी हेळवी आला नाही. मला वाटायचं, आप्पा चिकट होते.

"बाप मानंना, पोरगा मानंना," अण्णा म्हणाला. "मग ही बोलली कुठं जाती? कुठंच न्हाई?"

"जाती की. दुसऱ्या उंबऱ्यावर."

"कोणत्या?"

हेळव्यानं घंटेला हात लावला आणि मान हलवली. एका घराची गोष्ट दुसऱ्या घराच्या उंबऱ्यावर सांगायची नाही, हा त्यांचा नियम. शिवांशचं काम झालं होतं. हेळव्यानं ज्वारी घेतली, गाडी सुरू केली.

मी चप्पल घालून त्याच्यामागं गेले. गल्लीच्या तोंडाशी तो माझ्यासाठीच थांबला होता असं वाटलं. मी म्हणाले, इथं उंबरा नाही, आता सांगा.

"हिरेवाडी," तो म्हणाला. "उदगीरच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवंला. तुमचा भाऊ रामलिंग. हाय अजून. दर खेपंला तुमचं नाव आलं की मी थांबतो. शांतम्मा कुठं दिली, म्हणून इचारतो. लेक कुठं दिली ते घरच्यानं सांगायचं असतंय. रामलिंग म्हणतो, ठावं न्हाई, पुढच्या बारीला सांगतो. माझ्या बापाला बी त्यो हेच सांगत आला."

त्यानं मला रामलिंगचा नंबर दिला. मी परत आले तेव्हा अण्णा ओट्यावर तसाच बसला होता. मी सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "बरं झालं." आणि जनावरांकडं निघून गेला.

अण्णा रोज दिवेलागणीला मला फोन करतो. काही विशेष नसतं. जेवलीस का, गुडघा काय म्हणतो, बस्स. त्या दिवसानंतर फोन बंद झाला. मी केला तर सून उचलायची आणि ते शेतात गेलेत म्हणायची, मागून अण्णाचा खोकला ऐकू यायचा.

मला त्याचं कळत होतं. माझं लग्न झाल्यापासून दर नागपंचमीला अण्णा मुराळी म्हणून मला न्यायला आला. मुराळी म्हणजे सासरी गेलेल्या बहिणीला माहेरी न्यायला येणारा भाऊ. पहिल्यांदा बैलगाडी घेऊन आला, मग एसटीनं, आता नातवाच्या गाडीवर मागं बसून येतो. माझे मालक विश्वनाथ वारले तेव्हा माहेरचं लुगडं त्यानंच आणलं. आणि आता एक माणूस गाडीवर बसून त्याच्या तोंडावर सांगून गेला होता, की तुला बहीण नाही आणि हिला भाऊ दुसरा आहे.

रामलिंगला मी फोन केला.  तो म्हणाला, येळवसीला ये, हेळव्यालाही बोलावतो. आईबद्दल त्यानं काही विचारलं नाही.

माझा मुलगा सुदर्शन नांदेडला दुकान चालवतो. तो गाडी काढायला तयार झाला. मी अण्णाला चल म्हणून निरोप दिला. त्याचा उलटा निरोप आला, मी तिथं कोण? सुदर्शननं मग स्वतः फोन लावला आणि खोटंच सांगितलं. "मामा, आईला एकटीला पाठवून ऱ्हायलो. तिकडच्यांनी ठेवूनच घेतली तर मला बोलू नका." पलीकडून फोन कटला.

अमावस्येच्या आदल्या दिवशी सकाळी अण्णा आमच्या दारात उभा. परीटघडीचं धोतर, हातात पिशवी. मला म्हणाला, "तुला गाडी लागती. सुदर्शनला काय ठावं." मग पुढच्या सीटवर जाऊन बसला. उदगीरला सुदर्शनच्या एका व्यापारी मित्राकडं मुक्काम केला. अण्णा रस्ताभर रानं बघत होता. तूर चांगली आहे, हरभरा दाट पेरलाय, एवढंच काय ते बोलला.

दुसऱ्या दिवशी हिरेवाडीला गेलो. गाव ओस होतं, सगळे शेतात. रामलिंगच्या रानात कडब्याची कोप, छोटी झोपडीच, केली होती, आत पाच पांडव चुन्यानं रंगवून मांडले होते. बांधाजवळ पंधरावीस माणसं. एक उंच म्हातारा पटका बांधत पुढं आला. त्याच्या नाकाची ठेवण आईची होती. 

"बा तंगी," तो म्हणाला. ये बहिणी. मग मराठीत, "शांतम्मा, लई येळ लावलास."

माझ्या मागं अण्णा होता. ते नाव ऐकल्यावर तो जागीच उभा राहिला. मी वळून बघितलं नाही, पण मला कळलं.

रामलिंगनं मला कोपीत नेलं. त्याची बायको गौरम्मा बोलकी होती. तिनं मला भज्जी वाढली, बाजरीची भाकरी, वाफवलेले उंडे, अंबील. मी एक घास घेतला. तीच चव होती. मी सांगितलं, आमची आई भोकरला हेच करायची. गौरम्मानं रामलिंगकडं बघितलं. तो अंबिलीच्या मडक्यात पळी फिरवत राहिला.

गौरम्मानं मग हळूच सांगितलं. ती लग्न होऊन आली तेव्हापासून बघते, हेळवी आला की हे दोन पायल्या ज्वारी देतात. एक घराची, एक बहिणीची. दुष्काळात ज्वारी नव्हती तेव्हा मका दिला, पण दिला. बहिणीची पायली बंद केली तर तिचं नाव गळेल, असं ह्यांना वाटायचं.

अण्णाला मात्र काय म्हणावं हे कुणाला कळत नव्हतं. रामलिंगनं त्याला विचारलं, "तुमी?" अण्णा म्हणाला, "भोकरचा."  पोरांनी त्याला घोंगडी टाकून दिली. तो कडेला बसला. त्याच्यापुढचा अंबिलीचा पेला भरलेला तसाच होता. शेताभोवती अंबील शिंपडत पोरं ओरडत गेली, "ओलगे ओलगे, सालम पोलगे," तेव्हा त्याचे ओठ हलले. मला दिसलं. त्याला ते येत होतं.

जेवणं झाल्यावर धुऱ्यावरून मोटारसायकल आली. हेळव्यानं ती बाभळीखाली लावली, पटका सारखा केला, घंटा वाजवली. सगळे गोळा झाले. तो पार मागून सुरू झाला, कुठल्या तरी विहिरीच्या वाटणीवरून गाव सोडलेल्या पूर्वजापासून. मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बापाचं नाव त्याच्या बापाच्या नावाला लागून ऐकलं.

"इरपाक्षाचा बसलिंग. बसलिंगची बायको तुळजाबाई. पोटी दोन. ल्योक रामलिंग. लेक शांतम्मा."

तो थांबला. "शांतम्मा कुठं दिली?"

रामलिंग ह्याचीच वाट बघत होता. तो उठला आणि मोठ्यानं म्हणाला, "नांदेडला दिली."

हेळव्यानं मान डोलावली नाही. "कुणी दिली?"

रामलिंगनं माझ्याकडं बघितलं.

"तू दिलीस का?"

"मी कुठला देतो. मला ठावं असतं तर."

"मग ज्यानं दिली त्यानं बोलावं. न्हाईतर ऱ्हाऊ दे, पुढच्या बारीला बघू."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मी बोलणार होते, पण ज्या लेकीचं नाव घ्यायचं तिनंच ते कसं बोलावं? माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी आप्पा गेले होते. स्थळ अण्णानंच बघितलं. मांडवात बापाच्या जागी तोच उभा होता, मिशीही धड फुटली नव्हती.

अण्णानं पुढचा पेला बाजूला सारला. गुडघ्यावर हात देऊन उठला.

"दिली मी."

हेळव्यानं त्याला ओळखलं होतंच. तरी तो म्हणाला, "नाव घेऊन बोला."

 अण्णाच्या तोंडून त्याच्या आईचं ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्याच्या घरातही कुणी ऐकलं नसेल. सुनेनं नातीसाठी ते सुचवलं होतं तर तो जेवणावरून उठला होता.

"शांतम्मा," तो म्हणाला.  "शांतम्मा नांदेडला दिली. इश्वनाथच्या घरी दिली. देणारा हणमंत. नागनाथचा, भोकरचा."

हेळव्यानं घंटा वाजवली आणि सगळं पहिल्यापासून परत म्हटलं. बसलिंग, तुळजाबाई, रामलिंग, शांतम्मा. नांदेडला दिली, विश्वनाथच्या घरी दिली, देणारा हणमंत, नागनाथचा, भोकरचा. मग म्हणाला, आता हे असंच बोललं जाईल. मी गेल्यावर माझा पोरगाही असंच बोलेल, देणाऱ्याला वगळून लेक बोलता येत नाही.

"आमच्या घरी जे जमंना ते हितं जमलं व्हय," अण्णा म्हणाला.

"तिथं मला खोटं बोलावं लागलं असतं. हितं खरंच बोललो."

रामलिंगनं दोन पायल्या ज्वारी पुढं केली. अण्णानं आपली पिशवी उघडली आणि तीतून कोरं धोतर काढलं. ते तो भोकरहूनच घेऊन निघाला होता. रामलिंग म्हणाला, आमच्या हेळव्याला पाहुण्यानं द्यायचं नसतं.

"पाव्हणा कोण?" अण्णा म्हणाला. "आत्ता काय बोलला त्यो, ऐकलास न्हाई?"

दोघंही हटेनात. हेळव्यानं दोन्ही घेतलं, गाडीच्या पिशवीत कोंबलं आणि पुढच्या शेताकडं गेला.

उन्हं उतरल्यावर बाया भांडी आवरायला लागल्या. रामलिंग अण्णाच्या घोंगडीवर जाऊन बसला. मी जवळच होते. दोघं बराच वेळ हरभऱ्याबद्दल बोलले, घाटे कधी भरतील, अळीला काय फवारलं. मग रामलिंगनं जमिनीकडं बघत पहिल्यांदा आईचं विचारलं, "ती तुमाला मारायची का?"

"लई मारायची," अण्णा म्हणाला.

"मला बी."

"कशानं?"

"हाताला घावंल त्यानं. तुमाला?"

"उलथन्यानं. मंग रातच्याला तेल लावायची."

 रामलिंगनं अण्णाचा भरलेला पेला उचलला, ती अंबील बांधावर ओतली, आणि मडक्यातून ताजी भरून आणून त्याच्या हातात दिली. अण्णानं ती प्यायली.

निघताना रामलिंगनं मला चोळीबांगडी केली आणि म्हणाला, पंचमीला मी येतो न्यायला. मी हो म्हणाले. भाऊ पहिल्यांदाच म्हणतोय, नाही कसं म्हणणार.

परतीला मुखेडला चहाला थांबलो. सुदर्शन बिस्किटं आणायला गेला. अण्णा कपात बघत होता.

"पंचमीला तो येतो म्हणला?"

"हाव."

"मी येणार हाय पंचमीला. दर साली येतो."

"मग त्याला काय सांगू?"

"त्यानं येळवसीला न्यावं. त्येंच्यात येळवस मोठी." त्यानं चहाचा एक घोट घेतला. "आमच्यात पंचमी मोठी."

मी बरं म्हणाले. मग त्यानं विचारलं, तुला आता शांतम्मा म्हणायचं का? मी म्हणाले, तुझ्या तोंडी सिंधुच राहू दे, सवय आहे.

"हां," अण्णा म्हणाला. "ते नाव एकीला बास हाय." मग थोडं थांबून, "पर नातीला ठेवायला पायजे होतं. चुकलंच ते."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला फोन वाजला. जेवलीस का, त्यानं विचारलं. मी म्हणाले, अजून नाही. गुडघा काय म्हणतो, तर मी म्हणाले, आहे तसाच. बस्स, म्हणून त्यानं फोन ठेवला.